थांबवलेली टाकी

राहू गावात पुतणीच्या लग्नात आप्पांनी बासुंदीच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवला, तेव्हा आचाऱ्यानं झारा खाली ठेवला.

"आप्पा, बासुंदीला ताप आलाय व्हय?"

"गरम हाय म्हणून काठोकाठ दिसती. गार झाली की खाली बसंल. ह्या मापावर किती पानं वाढणार, ते सांगू नगं."

आप्पा आमच्या केमिकल टँकर जहाजाचे चीफ ऑफिसर. मी शिरूरची, त्यांच्या हाताखाली सेकंड ऑफिसर. बाकी जहाज त्यांना 'सर' म्हणायचं, मी एकटी आप्पा.

टाकीत किती माल भरायचा, हे गणित ते कधीच एका माणसावर सोडत नसत. मी माझ्या केबिनमध्ये करायचं, त्यांनी त्यांच्या, आणि कागद एकदमच उघडायचे. "माझा आकडा आदी बघितलास, तर तुजा बी तसाच येनार. डोकं लई लबाड असतंय." कॉम्प्युटरवरही विश्वास नाही. 'जवळपास' हा शब्द तर खपतच नसे. "जेवण जवळपास झालंय," असं कुक म्हणाला की आप्पा विचारत, "म्हंजी किती मिनिटं?"

एकदा एका बंदरात, अंगावर पडलं तर भाजून काढणारं रसायन भरायचं होतं. आधीच उशीर झालेला. आप्पा डेकवर अडकले होते, म्हणून मी एकटीनंच गणित करून कागद कॅप्टनना दिला आणि माल भरणं सुरू झालं. शेवटची टाकी भरत आली असताना आप्पा स्वतःचा कागद घेऊन धावत आले आणि वॉकीटॉकीवर ओरडले, "स्टॉप! स्टॉप!"

कॅप्टन भडकले. "क्यों रोका? किनारे वाले चिल्ला रहे हैं!"

"चिल्लाने दो, साब. आंकडे मिलेंगे, तब भरेंगे."

आप्पा हलले नाहीत. दोन्ही कागद ओळीओळीनं ताडून पाहिले. मी आजचं तापमान धरलं होतं. वाटेत तो माल आणखी तापवायचा होता. तापला की फुगणार, आणि टाकीतून उसळून थेट डेकवरच्या माणसांवर येणार.

मी म्हणाले, "आप्पा, रिपोर्टात माझं नाव..."

"लिवायचं. खाली माजं बी. तुला एकटीला करू दिलं, ही माजी चूक."

संध्याकाळी ते मेसमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "मी तुज्यायेवढा व्हतो तवा चीफचा आकडा चुकल्याला मला दिसला व्हता. मोठा मानूस, कसं बोलायचं म्हणून गप बसलो. टाकी उतू गेली. सदाभाऊ पंपमन व्हता तितं."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. कोकणातलं एक अंगण दिसलं. पिकल्या केसांचा माणूस समोर बसला होता. फोन त्याच्या बायकोनं धरला होता. त्याची स्वतःची बोटं आखडून तळव्याला चिकटलेली.

"सदाभाऊ," आप्पा म्हणाले, "आज म्या थांबवली."

सदाभाऊ फोनजवळ सरकला.

"बरं केलंत, आप्पा. जेवलात काय?"

आप्पांनी नुसती मान हलवली. फोन बंद झाल्यावरही ते ती हलवतच होते.