सदूभाऊंची गिटार

कार्यक्रमाच्या आधी कलावंत श्रोत्यांना नमस्कार करतात. आमचे सदूभाऊ परब श्रोत्यांना झापत. गिटार मांडीवर घेऊन समोरच्या मंडळींकडे असं बघायचे, की जणू सगळ्यांनी मिळून त्यांचं जेवण पळवलंय. मग म्हणायचे, "वाद्याक तोंड आसा. तुमचा मिटा." एवढं झालं की वाजवायला लागत.

घोडपदेवच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागूनच. खोताच्या वाडीतल्या पास्कल नावाच्या म्हाताऱ्याकडे ते गिटार शिकले आणि त्याच्या मागे ती गिटार यांच्याकडे आली. पास्कल वाजवायचा लग्नातली नाचाची गाणी. सदूभाऊंनी मात्र तिच्यावर आपल्या गावची गाणी चढवली. दशावतारातले प्रवेश, फुगड्या, जात्यावरच्या ओव्या. सगळ्यांत जाड, खर्जाची तार ते अशी लावत, की ती मागे एकतारीसारखी घुमत राही. गाणारा कोणी नाही, तबला नाही, फक्त हे आणि त्यांची गिटार.

यासाठी त्यांनी गिरणी सोडली होती. काही दिवस सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. तिथे संगीतकाराने सांगितलं, "नायिका जिना उतरते, तेवढ्यापुरते चार सूर टाक." सदूभाऊ उठले, गिटारीला गवसणी घातली आणि म्हणाले, "माजी गिटार काय जिन्याखालचा पायपुसणा आसा?" पुन्हा त्या दारात गेले नाहीत. ठाकूरद्वारच्या चारदोन घरांत शिकवण्या करत आणि तिथल्या मुलांच्या बोटांवर वैतागत.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक अख्खा तास. मंडळवाले त्यांना नेहमी दोन भाषणांच्या मधे बसवत. पाहुण्यांची गाडी येईपर्यंत वाजवा, आली की थांबा. ओवी अर्ध्यावर तुटायची आणि सदूभाऊ रात्रभर गॅलरीत फेऱ्या घालायचे. मलाही राग यायचा. चहा घेणाऱ्याला कोणी अर्ध्यावर कप खाली ठेवायला सांगत नाही.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गल्लोगल्ली चालल्या होत्या. आमच्या चाळीतले दळवी सभांची व्यवस्था बघत. लालबागच्या सभेत मला वाजवू द्या, असं सदूभाऊंनी स्वतः जाऊन सांगितलं. दळवी म्हणाले, "साहेबाचं वाद्य हो ते. आपल्या सभेत शोभत नाही."

"आणि तुमचो मायक खंयच्या गावचो? कणकवलीचो?"

भाषणं सुरू होण्यापूर्वी थोडा वेळ द्यायचं दळव्यांनी कबूल केलं.

त्याआधी आमच्या चाळीवर मोठा घाला पडला होता. समोरच्या खोलीतला वसंता मोर्च्यात गेला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. त्याची बायको अनसूया, वय पंचविशीचं. दळवी तिला प्रत्येक सभेला नेऊन व्यासपीठावर बसवत. हार घालत, उभी करत, लोक घोषणा देत. तिला जायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. आमच्यापैकीही कोणी नाही.

लालबागलाही ती होती. भाषणांआधी तिची ओळख करून देताना दळवी ध्वनिक्षेपकावर वसंताला गोळी कुठे लागली ते हाताने दाखवून सांगत होते. ती खुर्चीची कड धरून बसली होती. पुढचं नाव सदूभाऊंचं पुकारलं गेलं. ते वर चढले, पण बसले नाहीत. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"दळव्या, हिचो घोव एकदाच मेलो. तू तेका रोज कित्याक मारतंस?"

सदूभाऊ तिच्याकडे वळले. "वयनी, चला घराक." गिटार खांद्याला लावून ते पुढे आणि ती डोक्यावरचा पदर सावरत मागे, अशी दोघं व्यासपीठ उतरून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून नळावर त्यांना फितूर म्हणू लागले. आमच्या भागातल्या एकाही मंडळाने पुन्हा बोलावलं नाही. मी समजूत घालायला गेलो तर माझ्यावरच उखडले. "राज्य माकाय होया, मास्तर. पण त्या बाईक जाळून दिवाळी नको."

पुढे राज्य झालं. शहरभर रोषणाई होती. दादरच्या एका मंडळाच्या चिटणिसाने त्यांना पूर्वी कधीतरी ऐकलं होतं. त्याने त्या संध्याकाळी सदूभाऊंना पूर्ण तास दिला. मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं त्यांचं नाव मी स्वतः वाचलं होतं. ते ऐकायला म्हणून आईला घेऊन मी दादरला गेलो, पण गर्दीत तिला चक्कर आली आणि दिवेलागणीलाच आम्ही परत फिरलो.

चाळीत चिटपाखरू नव्हतं. जिना चढतानाच गिटार ऐकू आली. सदूभाऊ अनसूयेच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. ती आत उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"सदूभाऊ, तुमचा तास?"

"दिलंय दुसऱ्याक." माझ्याकडे न बघताच ते गुरगुरले.

"अहो, पण का?"

"अख्खी चाळ नाचाक गेली. ही एकटी रवतली." मग आवाज चढवून, "आणि तुमी असे तोंडार उभे कित्याक? बसा नायतर जावा."

अनसूयेने सूप बाजूला ठेवलं. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो. "भावजी, आताचा परत वाजवा. ह्यांका आवडायचा ता."

सदूभाऊंनी खुंटी जराशी पिळली, तार छेडून पाहिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आई पुढे झाली आणि अनसूयेला चिकटून उंबऱ्यावर बसली.