परत आलेली कावड

"विवराला एकदा दिलं ते दिलं. या जगात ते पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही," ज्वालामुखी संग्रहालयाचे रखवालदार सनेतो, सगळ्यांचे 'पाक' म्हणजे काका, यांनी कठड्याशी उभ्या पाहुण्यांना बजावलं. त्या वेळी खाली, विवराच्या आतल्या उतारावर, तीसेक माणसं जाळ्या उगारून उभी होती आणि भाविकांनी वाहिलेले बटाटे, कोबी, कोंबड्या वरचेवर झेलत होती. ज्वालामुखीला नैवेद्य वाहायच्या कासादाच्या सणाला हे असंच चालतं.

पाहुण्यांना घेऊन पाक आत आले आणि जागीच थिजले. मधली काचपेटी सताड उघडी. आतली नव्वद वर्षांची नैवेद्याची कावड गायब. शहरातल्या संग्रहालयाकडून ती महिनाभर उसनी आणलेली. उद्या न्यायला माणूस येणार होता आणि कागदावर सही होती पाकांची.

"शोधू नकोस," बाकावर टेकलेली गावातली तुमिना आजी म्हणाली. "मी वाहून आले."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? विवरात. देवाच्या नावानं बांधलेली कावड कपाटात कोंडता आणि वर तिकीट लावता? कुणाचा तरी नवस नव्वद वर्षं तुंबलाय, मेल्या."

पाक कडेवरून बसत-घसरत खाली उतरले. कावड झेलणाऱ्यांपैकी कास्दीच्या जाळीत अडकली होती.

"पाक, तुम्ही? इथं?" कास्दीनं आ वासला. "तुम्ही तर सांगता, इथनं काही परत जात नाही."

"ते पाहुण्यांसाठी असतं. कावड दे."

"झेललंय मी. प्रसाद आहे. असाच कसा सोडू?"

"काय घेशील?"

कास्दीनं त्यांच्या नव्या बुटांकडे पाहिलं.

अनवाणी, राखेनं माखलेले पाक तासाभरानं वर आले. कावड पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि तेव्हा कुठं श्वास सोडला. तेवढ्यात पेटीकडे आजीची नजर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत आली?"

"आली," पाक जरा ऐटीत म्हणाले.

"जाळीवाल्यानं घरी नेली असती तर त्याचं नशीब म्हटलं असतं. पण जिथनं गेली तिथंच परत? देवानं नाकारली रे. काहीतरी कमी पडलं."

आजी तरातरा निघून गेली. अर्ध्या तासानं परतली तेव्हा मागं गावचे पुजारी होते आणि त्यांच्यामागं भेदरलेलं अर्धं गाव.

"सनेतो, पेटी उघड. कमी पडलेलं घेऊन पुन्हा वाहू," पुजारी गंभीरपणे म्हणाले.

पाकांनी आशेनं आजीकडे पाहिलं. आजीनं त्यांच्या हातात दोर दिला.

"चढानं दम लागलाय मला. एवढी बकरी धर जरा."