अर्ध्या तासाचं सुराबाया

सासूबाईंना विमानाने आणायचं, हे माझ्या बायकोने, तेन्रीने ठरवलं. त्यांना आणायला मी जायचं, हेही तिनेच ठरवलं. (आमच्या घरात माझ्याकडे फक्त निघायचं खातं आहे.) तिचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला आई हवीच होती. पण अम्मा पडल्या मकासरच्या आणि आम्ही समुद्रापलीकडे, सुराबायात. बोटीशिवाय त्यांनी कधी समुद्र ओलांडला नव्हता.

"आभाळात लोंबकळत मी येणार नाही," मी दारात पाऊल टाकताच त्यांनी ठणकावलं.

"अम्मा, लोंबकळायला वेळ तरी कुठे मिळतोय?" मी परतीचं तिकीट दाखवलं. "नऊला सुटणार, साडेनऊला सुराबाया. अर्धा तास!"

"आणि तुम्हाला इकडे यायला किती लागला?"

"अडीच तास, तिकिटावरच छापलंय. वारा समोरून होता ना. जाताना तो पाठीमागून ढकलतो."

मी जमीनमोजणी कचेरीत कारकून आहे. अंतराच्या बाबतीत लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. (कचेरीतले सोडून.) अम्मांनीही ठेवला.

विमान उडालं. अम्मा मांडीवर सुक्या मासळीची टोपली घेऊन घड्याळावर नजर लावून बसल्या. अर्धा तास झाला, तशी त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"जावईबापू, खाली पाणीच आहे."

"येईल आता किनारा."

आणखी थोडा वेळ गेला. पाणी हटेना.

"वारा पडला का हो?"

आता मात्र मीही खिडकीतून वाकून पाहिलं. मी हवाईसुंदरीला खुणेने बोलावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, पायलट रस्ता चुकलाय का?" (माझं हळू म्हणजे कचेरीत तिसऱ्या खोलीत ऐकू जातं.)

"कोण चुकलं?" पुढच्या रांगेतले आजोबा ताडकन वळले.

"पायलट!" अम्मांनी खुलासा केला. मागे कुणी तरी मोठ्याने दुआ म्हणू लागलं. एक बाई रडायलाच लागल्या.

"अहो, कुणी चुकलेलं नाही!" हवाईसुंदरी ओरडली. "हा प्रवासच दीड तासाचा आहे!"

"मग तिकिटावर अर्धा तास कसा?" मी तावातावाने तिकीट फडकवलं.

"सुराबायाचं घड्याळ मकासरच्या एक तास मागे असतं, साहेब."

सगळं विमान असं हसलं, की मला वाटलं, आता खरंच पडतंय. रडणाऱ्या बाईंना तर हसता हसता ठसका लागला. अम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि आजोबांना सांगितलं, "आमचे जावई मोजणी खात्यात आहेत."

चौथ्या दिवशी तेन्रीला मुलगी झाली. अम्मा मनसोक्त राहिल्या, नातीला न्हाऊमाखू घातलं आणि परत निघताना आपण होऊन विमानाचंच तिकीट काढायला सांगितलं. मला धन्य वाटलं. चला, त्यांची भीती तरी मोडली!

"मी येतो सोडायला, अम्मा," मी म्हणालो.

"नको, जावईबापू. एकटी असले की मला विमानाची अजिबात भीती वाटत नाही."