लोण्यावर धावलेली सायकल

सांगून कुणाला पटणार नाही, पण सत्त्याण्णव साली हेब्बाळच्या सायकल शर्यतीत पहिला आलेला गडी लोण्याच्या जोरावर आला. खाऊन नव्हे, लोणी सायकलीत होतं. माझी बायको अंबुबाई इथंच बसलीय, हवं तर तिला विचारा.

आमच्या शेजारी पद्माकर राहायचा. सरकारी कारखान्यातला इंजिनियर, पुण्याहून नुकताच आलेला. त्याचा मेहुणा सुहास अमेरिकेहून माउंटन बाइक घेऊन आला होता. तिच्या पुढच्या चाकाला दोन दट्टे. खड्डा आला की दट्टे दबायचे, हाताला धक्का म्हणून नाही. नेमकं त्यांतलं तेल गळायला लागलं, आणि शर्यत रविवारवर आलेली.

"दुकानात देतो, भाऊजी," सुहास म्हणाला.

"दुकानात? अरे, विमानाच्या चाकांचे दट्टे मी पास करतो. ही तर सायकल!"

"अहो, बिघडली तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही," पद्माकरची बायको अलका म्हणाली.

"बिघडतेय कशाला?"

शनिवारी पद्माकरनं फोर्क, म्हणजे तो दोन दट्ट्यांचा चिमटा, उघडून अंगणात वर्तमानपत्रावर मांडला. नळ्या पुसल्या, रबरी सील धुतले आणि घोडं अडलं. आत भरायचं काय? मी कुंपणावरून म्हटलं, "त्यात काय मोठं! स्वल्प एण्णे सोडा, सरी होतंय."

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले. तेलाला एण्णे म्हणून जातो, ते आमच्या ध्यानातही येत नाही. पद्माकरचं कन्नड मात्र सगळं हॉटेलातलं. रोज बेण्णे दोसा हाणायचा, म्हणून त्यानं ऐकलं बेण्णे. म्हणजे लोणी.

"लोणी? सायकलीत?" अलका किंचाळली.

"इथल्या जुन्या माणसांचा अनुभव आहे तो. आणि इथल्या गारव्यात ते वितळतंय कशाला?"

सुहासच्या थालीपिठासाठी काढून ठेवलेला लोण्याचा गोळा दोन्ही नळ्यांत गेला.

रविवारी पहाटे दट्टे काठीसारखे ताठ.

"भाऊजी, हे दबतच नाहीत!"

"रेससाठी टाइट ठेवलेत," पद्माकर घाम पुसत म्हणाला.

शर्यत सुटली. ऊन चढलं. दगडांवर आपटून आपटून लोणी पातळ झालं, सीलमधून झिरपलं आणि ओघळत चाकाच्या रिमवर आलं. ब्रेक गेले! उतारावर बाकीचे ब्रेक दाबत होते. सुहासही दाबत होता, पण ऐकतंय कोण? मागं वासानं पिसाळलेली कुत्री. "सरका! सरका!" करत तो सगळ्यांना ओलांडून गेला, शेवटची रेषाही ओलांडून गेला आणि थेट तळ्याकाठच्या चिखलात जाऊन बसला. पहिला नंबर!

चिखलातूनच त्यानं हात जोडले. "भाऊजी, यापुढं दुसऱ्या कुणाला या सायकलीला हात लावू देणार नाही." अलकेच्या जिवात जीव आला. पद्माकर तर ताठच झाला, सकाळच्या दट्ट्यांसारखा.

खरी गंमत पुढंच आहे. घरी आणून फोर्क उघडला, तर आतलं सगळं इतकं घुसळलं गेलेलं, की दोन्ही नळ्यांतून ताक निघालं. ताजं, गार! मी स्वतः पेलाभर प्यालो.

"काय हो," अंबुबाई म्हणाली, "लोणी घुसळून ताक निघतंय होय? मग इतकी वर्षं मी रवी उलटीच फिरवली म्हणायची!"