शेवंताकाकूंचं ऑइल

शेवंताकाकू इंजिन ऑइलचा वास घेतात. डबा उघडायला लावतात, दोन थेंब तळहातावर घेतात, अंगठ्यानं चोळतात, हात नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. स्पेअर पार्टच्या दुकानातले शेट पहिल्यांदा हे बघून इतके गांगरले की हात जोडून म्हणाले, "मावशी, हे खायचं नसतं." काकू म्हणाल्या, "ठाव हाय मला. खायचं असतं तर एवढं बघितलं नसतं."

जळकोटात हायवेला माझं मेडिकल आहे आणि त्याच्या मागंच काकूंचं घर. काकू आणि नागनाथकाका शेळ्यांचा व्यापार करतात. शेळ्या बाजाराला न्यायला एक पिकअप आहे. काका गाडी चालवायचे आणि काकू शेजारी बसून बाकीचं सगळं चालवायच्या. काकूंना कुणी फसवल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडून डोकेदुखीची गोळी घेतानासुद्धा त्या पाकीट उन्हात धरून बघतात आणि म्हणतात, "म्या काय फसायला जन्मले न्हाय."

म्हणून त्या दिवशी सगळ्यांना नवल वाटलं. बाजाराला जाताना नळदुर्गच्या अलीकडं पिकअपचं इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली. लोक जमले, आणि कुणी काही विचारायच्या आत काकूंनीच जाहीर केलं, "ऑइल भेसळीचं निघालं. म्याच घेतलं होतं. रस्त्यावर एक टेम्पोवाला विकत होता, स्वस्त लावलं. मला फसवलं त्यानं."

गावाला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. गाव खूश झालं. ज्यांना ज्यांना काकूंनी भाव पाडून घाम फोडला होता, ते सगळे सांत्वनाला येऊन गेले. मुरुमचे दोन व्यापारी तर मुद्दाम गाडी थांबवून भेटले.

सोलापूरच्या जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आलं. गॅरेजवाल्या सलीमभाईंनी ते बसवलं. आता त्यात ऑइल कुठलं टाकायचं, हा प्रश्न उरला आणि तिथून पुढं गावाला काही कामधंदा राहिला नाही.

शेट म्हणाले, "पंधरा-चाळीस घ्या."

"पंधरा का चाळीस, एक काय ते बोला."

"दोन्ही असतं, मावशी. थंडीत पंधरासारखं वागतं, गरमीत चाळीससारखं."

"जळकोटात थंडी हाय कुठं? पंधराचे पैसे कापा."

शेटनी दुसरा डबा पुढं केला. हे सिंथेटिक आहे म्हणाले. काकूंनी डबा बोटानं मागं सरकवला. "नायलॉनची साडी नेसून उन्हात उभं ऱ्हावा, मग कळंल. इंजिनला घाम फुटायचा."

माझ्या मेडिकलसमोरच्या बाकावर तर रोज सभा भरायला लागली. आयुष्यभर सायकल चालवलेले एक निवृत्त गुरुजी मोबाइलवर व्हिडिओ लावून ऑइल समजावून सांगायचे. इंजिन वापरलेलं आहे म्हणून जाड ऑइल टाका, असं चहावाला म्हणाला. वापरलेलं आहे म्हणूनच पातळ टाका, असं पंक्चरवाला म्हणाला. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. ग्रामपंचायतीचे एक सदस्य म्हणाले, "कुठलंही टाका, पण माझं नाव सांगून घ्या." काकू सगळ्यांचं ऐकायच्या आणि सगळ्यांशी भांडायच्या. टेम्पोवाल्याला रोज नव्या शिव्या मिळायच्या.

नागनाथकाका बाकाच्या टोकाला कपबशी घेऊन गप्प बसायचे. एकदा चहावाल्यानं त्यांना विचारलं, "काका, गाडी तुमच्या हातात. तुम्हाला ऑइलचं कसं कळलं न्हाय?"

काका तोंड उघडेपर्यंत काकू मध्ये पडल्या. "त्यांला काय इचारतोस? ऑइल म्या आणलं, म्या वतलं. मला इचार."

शेवटी सुरुवातीचंच पंधरा-चाळीस ठरलं. "डब्यावरचं बारीक अक्षर वाचाय चल," म्हणून काकूंनी मला गॅरेजवर नेलं. सोबत दोन डबे, एक टाकायला आणि एक वर लागलं तर.

"मालक, तुमच्या हातानं होऊ द्या," काकू म्हणाल्या.

काकांनी नरसाळं लावलं. एक थेंब बाहेर न सांडता सगळं ऑइल ओतलं. झाकण फडक्यानं पुसून बसवलं. सलीमभाईंनी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली आणि मान डोलावली. चहा आला. दोन-तीन ड्रायव्हर बसले होते, त्यांनाही दिला.

चहा संपवून काका उठले. उरलेला डबा उचलला, नरसाळं घेतलं आणि बॉनेटखाली वाकत म्हणाले, "सलीम, ऑइल टाकायचं ऱ्हायलं की."

सलीमभाईंचा हात ग्लासावरच थांबला. ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "द्या हिकडं. ह्या डब्याचा वास मला बरा वाटंना." त्यांनी झाकण काढलं, दोन थेंब चोळले, डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ मिटले. "न्हाय. हे परत करायचं. शेट लई शाणा झालाय." आणि त्यांनी आवाज चढवून शेटचा असा उद्धार सुरू केला की ड्रायव्हर हसायला लागले. "काकूंचं चालू झालं," एक जण म्हणाला. काकाही हसले. डबा काकूंच्या काखेत गेला होता.

निघताना मी सलीमभाईंना बाजूला घेतलं. "जुनं इंजिन उघडलं तेव्हा ऑइल कसं होतं?"

सलीमभाई हात पुसत हळूच म्हणाले, "थेंब नव्हता, भाई. काकांनी घरी जुनं ऑइल काढलं, नवं टाकायचं इसरले. काकूला दाखवलं तर म्हणली, भेसळीचं होतं म्हण. मग मी बी तेच म्हणतो."

तो टेम्पोवाला कुठल्याच रस्त्यावर नव्हता.

पुढं काकू गाडी शिकल्या. लायसन काढलं आणि "इंजिन म्या निवडलेल्या ऑइलवर चालतंय, दुसऱ्याच्या हातात देणार न्हाय," असं सांगून स्टेअरिंगवर बसल्या. गाव अजून हसतं. बाईनं नवऱ्याला आपल्या जागेवर बसवलं म्हणतं.

परवा औषधांची खोकी आणायला मी त्यांच्याबरोबर नळदुर्गला गेलो. मागं शेळ्या, पुढं आम्ही तिघं. चढ लागला.

"मालक, आता कंचा गिअर?" काकूंनी विचारलं.

काका सरळ होऊन बसले. त्यांनी समोरचा रस्ता बघितला, कान इंजिनाकडं लावला. "दुसरा," ते ठामपणे म्हणाले.

मी मध्ये बसलो होतो, म्हणून मला दिसलं. काकूंनी दुसरा आधीच टाकला होता.

"व्हय," त्या म्हणाल्या, "तरीच म्हनलं, गाडी का वडंना."