निराहार अंमलबजावणी समिती

निवृत्त हेडक्लार्कांच्या लाडोबा नावाच्या कुत्र्याला उलट्या होत होत्या. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना त्याच्या पित्ताशयाची सोनोग्राफी करायची होती. आत गाळ साचलाय, अशी त्यांना शंका होती. गाळ हलता असेल तर औषधावर भागणार, थिजून बसला असेल तर ऑपरेशन.

"रात्रभर उपाशी ठेवा," बाईंनी बजावलं. "खाल्लं की पित्ताशय आकसतं, वर अन्न आड येतं. मला काही दिसत नाही."

हेडक्लार्कांनी नोकरीभर माणसांना ताटकळत ठेवलं होतं, कुत्र्याचं काय घेऊन बसलात! घरी येताच त्यांनी तोंडी आदेश जारी केला.

सकाळी बाईंनी लाडोबाचं पोट भादरलं, वर जेल चोपडलं आणि पडद्याकडे बघून विचारलं, "याला कोणी खाऊ घातलं?"

हेडक्लार्क, त्यांची बायको, मुलगा आणि सून, चौघंही भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे अभ्यासू नजरेनं पाहू लागले.

आता प्रकरण प्रशासनाच्या हाती गेलं. निराहार अंमलबजावणी समिती स्थापन झाली. बायकोनं सुनेवर लक्ष ठेवायचं, सुनेनं नवऱ्यावर, नवऱ्यानं आईवर, आणि हेडक्लार्कांनी सगळ्यांवर. हेडक्लार्कांवर कोणी नव्हतं. वरिष्ठांवर लक्ष ठेवायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती. त्यांनी लाडोबाला चीजचा तुकडा दिला खरा, पण तो खाणं म्हणून नव्हे, आदेश पाळल्याचं बक्षीस म्हणून. बायकोनं गोळी लोण्यातून दिली, कारण गोळी म्हणजे औषध. मुलानं बिस्कीट दिलं नाही, ते त्याच्या हातून पडलं. सून म्हणाली, "मी फक्त वाटी चाटायला दिली, बाबा. वाटी घासायचीच होती."

दुसऱ्या सोनोग्राफीत पित्ताशय सुकल्या मनुकेएवढं दिसलं.

बाईंनी लाडोबाला वॉर्डात दाखल करून घेतलं. तिथल्या मदतनीसानं त्याला पोटभर जेवू घातलं.

"अहो, त्याला उपाशी ठेवायचं होतं!" हेडक्लार्क ओरडले.

"दाखल पेशंटला जेवण द्यायचंच, असा नियम आहे."

"पण बाई म्हणाल्या..."

"बाई सोनोग्राफीच्या. मी वॉर्डाचा."

हेडक्लार्कांना भरून आलं. या दवाखान्यात प्रथमच त्यांना आपलं माणूस भेटलं होतं.

एवढ्यात लाडोबाचे डोळे पिवळे दिसू लागले. "उद्याही दिसलं नाही, तर न बघताच पोट उघडावं लागेल," बाई म्हणाल्या.

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. "अहो, काहीतरी करा ना!"

"उपसमिती नेमतो."

बाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "उपाय मी सांगते. कुत्रा मोकळा ठेवू. तुम्हाला कोंडू."

अशा रीतीनं ते कुटुंब वॉर्डातल्या चार हवेशीर पिंजऱ्यांत दाखल झालं. संध्याकाळी मदतनीसानं प्रत्येकापुढे एकेक वाटी सरकवली.

"आम्ही माणसं आहोत," हेडक्लार्क म्हणाले.

"वॉर्डात आहात ना? मग जेवा."

मुलानं वाटी संपवून आणखी मागितलं. लाडोबा मात्र सोनोग्राफीच्या खोलीत गार फरशीवर एकटाच, रिकाम्या पोटी झोपला.

सकाळी चित्र स्वच्छ आलं. पित्ताशय टम्म भरलेलं, भिंत जराशी जाड, आत गाळ. बाईंनी लाडोबाला कुशीवर वळवलं, तसा गाळही आळसावलेल्या माणसासारखा हळूच कलंडला.

"सुटला! ऑपरेशन नको. औषध चालू, आणि लोणी, चीज, तळकट कायमचं बंद."

पिंजऱ्यांतून बाहेर पडताना चौघांनी एकमतानं कडक नियम केला: लाडोबाला कोणी काही द्यायचं नाही. आपण सोडून उरलेल्या तिघांसाठी हा नियम फार गरजेचा आहे, हे प्रत्येकाला मनापासून पटलं होतं. घरी पोचेपर्यंत लाडोबानं चार वेळा ओठ चाटले.

असल्या माणसांना पुन्हा कोंडायला हवं, असं तुम्ही म्हणाल. मदतनीसाची काही हरकत नाही. फक्त गेल्या आठवड्यात तुम्ही कुठला नियम स्वतःपुरता सैल केलात, तेवढं त्याला कळवा. संध्याकाळी किती वाट्या लावायच्या, ते त्याला ठरवायचंय.