मतं जमा करण्याची खिडकी

घरी शिकणाऱ्या मुलांच्या वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायचं असेल, तर आपली सगळी मतं सकाळी साडेआठच्या आत खिडकीवर जमा करावी लागतात. पूर्वी नुसतं सांगत, की मतं बाहेर ठेवून या. लोक माना डोलवत आणि आत गेलं की येरे माझ्या मागल्या. एका परीक्षकाने केस कानावर आले म्हणून एका मुलाला हरवलं, तेव्हापासून संघाने खिडकी उघडली.

संघ म्हणजे आमच्या नगरच्या काही ख्रिस्ती पालकांचा. ही मंडळी मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात, आणि वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये एकमेकांशी भांडायला लावतात. परीक्षक कधीच पुरत नाहीत. अनुभवाची अट नाही, मानधन नाही, दुपारचं जेवण आहे. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं.

"ओहोळ, तुम्ही रिटायर आहात, मोकळे आहात, आणि तुम्हाला न्यायाची चाड आहे."

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. मी हो म्हणालो.

मला मतं भरपूर. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून देत बसलो, तेवढ्यात माझं स्वतःचं साचत गेलं. खिडकीवर दुर्कसबाई चांदेकर होत्या. त्यांच्याजवळ तराजू, पितळी बिल्ले आणि महिला मंडळाने जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या पिशव्या. मी एकेक मत काढून देत गेलो. चहात साखर अर्धा चमचाच हवी. आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याला काढून टाकावं. पोरांना शाळेत न घालणं हा शुद्ध आळस आहे. बाई लिहून घेत होत्या.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "तळाला अडकलंय."

मला माहीत होतं. ते तबिथाविषयी होतं. तबिथा माझी एकुलती एक मुलगी, मिरजेला नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी तिची आई, सुमती, आजारी पडली. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले. तबिथा म्हणाली, पप्पा, आईचं शरीर ते सोसणार नाही, आपण तिला घरी नेऊ. मी ऐकलं. अकराव्या दिवशी सुमती गेली. कबरस्तानाच्या फाटकाशी, लोकांदेखत, मी तबिथाला म्हणालो, तू आईला मारलंस, माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही. तिने ठेवलं नाही. माफीही मागितली नाही.

बाईंनी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते निघालं. मुठीएवढंच, पण तराजूचं पारडं धाडकन खाली गेलं.

"यात बरीच आहेत, एकमेकांत बांधलेली. सुटत नाहीत. मी एकच नग लिहिते."

"लिहा काय ते," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'मुलगी. नग एक. गाठ पक्की.' मला सदतीस नंबरचा बिल्ला मिळाला. मग एक फॉर्म भरायचा होता. गरज पडल्यास कोणाला कळवावं, या रकान्यात मी तबिथाचं नाव आणि नंबर लिहिला. तोवर त्याबद्दल माझं काही मत उरलं नव्हतं.

आता त्या दिवशी जसं झालं तसं सांगतो. चहा होता. खोली क्रमांक दोनमध्ये खुर्ची होती. विषय होता, 'जो माफी मागत नाही त्याला माफ करू नये'. केझिया नावाची चौदा वर्षांची मुलगी विषयाच्या बाजूने बोलली. ती म्हणाली, की न मागता दिलेली माफी म्हणजे बंद दारावर ठेवलेलं ताट, त्याने ना आतल्याचं पोट भरत ना देणाऱ्याचं. तिच्याविरुद्ध एक मुलगा होता. त्याने प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ म्हटली आणि पुढे काय बोलायचं ते विसरला. मी मुलीला विजयी केलं. 'निर्णयाचं कारण' या चौकटीत लिहिलं, 'मुलीचे मुद्दे तीन, मुलाचा एक.' असा निःपक्षपाती परीक्षक मिळाला नव्हता, असं संघाचे लोक म्हणाले.

संध्याकाळी खिडकीवर रांग लागली. मी लागलो नाही. आपली मतं परत घ्यायला हवीत, असं वाटायलाही एक मत लागतं. म्हणून प्रत्येक परीक्षकाला हाताला धरून रांगेत नेणारा माणूस संघाने नेमलेला असतो. माझ्या माणसाला ताप आला होता. मी मागच्या फाटकाने घरी गेलो.

सहा दिवस मी राहिलो. डबा येई तो खाल्ला. सुमतीच्या फोटोवरची धूळ रोज पुसायची सवय होती, ती पुसली. फोटोत एक बाई होती.

कोणी न नेलेल्या पिशव्या आठ दिवस ठेवतात आणि मग चर्चमागच्या पाचोळ्याबरोबर जाळतात. त्याआधी नातेवाइकांना कळवायचा नियम आहे. सहाव्या दिवशी दुर्कसबाईंनी मिरजेला फोन केला. तबिथा रजा टाकून निघाली आणि सातव्या दिवशी सकाळी सरळ माझ्या दारात उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली.

"या," मी म्हणालो. "बसा. पाणी देतो."

मी कोणाला म्हणतोय ते बघायला तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग ती चपला काढून आत आली.

"पप्पा, आईचं ऑपरेशन मी नको म्हटलं होतं."

"हो."

"मी तिला मारलं, असं म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. फाटकाशी."

"आणि आता? आता काय वाटतं?"

"काही नाही."

ती ओढणीत तोंड घालून खूप वेळ रडली. "नऊ वर्षं, पप्पा," ती म्हणत होती. "नऊ वर्षं मी एवढंच ऐकायला थांबले होते हो." मी पाण्याचा पेला तिच्याजवळ सरकवला. मग डोळे पुसून ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कुठला डबा कुठे आहे ते तिला अजून आठवत होतं, आणि तिने चहा केला.

"कसा झालाय?"

"चहा आहे."

"साखर?"

"आहे."

तिने स्वतःचा कप उचलला. "पप्पा, मी कोण आहे तुमची?"

"मुलगी. तबिथा. अठरा नोव्हेंबरचा जन्म."

"आणि कशी आहे मी?"

मी प्रामाणिकपणे शोधलं. "त्याबद्दल माझ्याकडे काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही लांबून आलात, दमला असाल."

तिने कप खाली ठेवला आणि ती चपला घालून निघून गेली.

पुढचं मला दुर्कसबाईंनी सांगितलं. त्यांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पोरी, उद्या जाळतो आम्ही. राहू दे. तुझ्यावरचा ठपका कायमचा जाईल."

तबिथाने चिठ्ठी वाचली. "बाई, ही गाठ सोडवून त्यातलं तेवढंच एक जाळता येत नाही?"

"आम्ही तिघींनी सुया घेऊन बघितलं गं. एकाला ओढलं की सगळीच येतात."

तिने रजिस्टरमध्ये सही केली. नातं या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि पिशवी खांद्याला लावून भर उन्हात चालत घरी आणली.

मी पिशवी उघडली. आधी साखर आली, मग पेटीवाला, मग आळशी पालक. सगळ्यांत शेवटी गाठ आली. मी वर बघितलं, तर तबिथा माझ्या घरात उभी.

"तू आत कशी आलीस?" मी ओरडलो. "तुझ्यामुळे तुझी आई गेली. बाहेर हो!"

"हो, पप्पा," ती म्हणाली. पर्स उचलून ती बाहेर गेली आणि दारापुढच्या पायरीवर बसली.

माझं मत घरात पाऊल ठेवण्याविषयी होतं. पायरीविषयी नव्हतं. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिच्या मनगटाची हाडं वर आली होती. अडतिसाव्या वर्षी अर्धे केस पांढरे झाले होते. दुसऱ्यांच्या आयांना औषधं देते आणि स्वतः एक वेळ जेवते, हिच्याएवढी गुणी पोर नगर जिल्ह्यात नाही आणि हिच्याएवढी हट्टीही नाही, हे सगळं त्याच गाठीत होतं. मला फार दुखलं.

"वाळलीस," मी म्हणालो.

"हो."

"नुसतं हो म्हणू नकोस. जेवत नाहीस तू."

सकाळचा उरलेला चहा तसाच भांड्यात होता. मी तो गरम केला, दोन कपांत ओतला आणि एक तिच्याजवळ पायरीवर ठेवला. दुसरा घेऊन मी उंबऱ्याच्या आत बसलो आणि एक घोट घेतला.

"साखर किती घातलीस? चहा आहे का पाक?"

"चुकलं, पप्पा," ती म्हणाली.

नऊ वर्षांत तिने हा शब्द उच्चारला नव्हता. तो साखरेपुरता होता, हे मला कळत होतं आणि तिलाही. मी कप संपवला. दुपारच्या एसटीची वेळ होईपर्यंत मी उंबऱ्याच्या आत बसून राहिलो आणि ती बाहेर.